मावळात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला बंगलो स्कीम येतेय, काय करता येईल?

मंडळी, डोंगराच्या बाजूला 14 एकरात प्लॉट पाडणारेत म्हणे, बोर्डपण लागला. खाली आमची इंद्रायणी भाताची खाचरं. परवा जेसीबीने ओढ्यातच मुरूम टाकला, आता जूनमध्ये पाणी जाणार कुठं? विहीर तर एप्रिललाच तळ गाठते. सरपंच म्हणतात गावाचा विकास होईल.

> ग्रामसभेत ठराव घ्याच, पण नुसत्या ठरावावर काम थांबत नाही. मावळ पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत आहे, परवानगी तिथनं मिळते, त्यामुळे लेखी हरकत तिथं आणि तहसीलला द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही समजा. महारेरा नंबर (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) आहे का बोर्डवर? जागा 500 चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट 8 पेक्षा जास्त, मग नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही.

> राग मानू नका दादा, पण जमीन विकली कुणी? आपल्याच भावकीनं ना?

> विकली हो, चुलत्यांनीच. पण ओढा नव्हता विकला.

> मग भूमी अभिलेखमधून गटाचा नकाशा काढा, त्यात ओढा दिसतोय का बघा. आणि भरावाचे फोटो आजच काढून ठेवा, एकदा पाऊस लागला की काही दिसत नाही.