मदत हवी आहे: बाबांच्या रिपोर्टसाठी दिलेला ईमेल लॅब घेतच नाही

नमस्कार मंडळी,

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. बाबांना मधुमेह आहे, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करावी लागते. त्यांच्या कागदपत्रांसाठी मी गेल्या वर्षी टूटा या ईमेल सेवेवर वेगळं खातं उघडलं. माझ्या जीमेलचे १५ जीबी फोटोंनीच भरलेत (१ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात), आणि बाबांचे रिपोर्ट त्या गर्दीत नको होते. टूटा म्हणजे पूर्वीची टूटानोटा, जर्मनीतली. तिथे मेल एन्क्रिप्ट करून, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाहीत असे, ठेवतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आता आमच्या नेहमीच्या लॅबने रिपोर्ट ऑनलाइन केलेत. नोंदणीत हा पत्ता टाकला की लाल अक्षरांत "कृपया वैध ईमेल टाका". प्रोटॉन या तशाच सेवेचा टाकला, तेच. रेडिफमेलचा मात्र चालतो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, कुणाचंही जीमेल द्या ना, शेजाऱ्यांचं दिलं तरी चालेल." बाबांचे आकडे शेजाऱ्यांच्या इनबॉक्समध्ये का जावेत? मला खरंच वाईट वाटलं.

स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) घेतलं तर प्रश्न सुटेल का? पैसे घालण्याआधी विचारतेय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
डोमेन इतक्यात घेऊ नका. आधी दोन गोष्टी करून बघा. नोंदणीचं पान उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि मग पत्ता टाका. तरीही लाल अक्षरं आली तर तपासणी त्या पानातच आहे, सर्व्हरपर्यंत काही जातच नाही. मग मनाने रचलेलं, कुठेच नसलेलं एखादं डोमेन टाका. ते चाललं तर त्यांच्याकडे नकोशा डोमेनची यादी आहे. दहा मिनिटांत मरणारे तात्पुरते पत्ते अडवायला अशा तयार याद्या मिळतात. कूपनसाठी एकच माणूस पन्नास खाती काढतो, म्हणून कंपन्या त्या लावतात, आणि एन्क्रिप्टेड सेवाही कधीकधी त्यात सापडतात. रचलेलंही नाकारलं तर मोजक्या नावांनाच परवानगी आहे.

धागाकर्ती
लगेच करून पाहिलं. इंटरनेट बंद असतानाही लाल अक्षरं आली, आणि रचलेलं डोमेनही नाकारलं.

प्रतिसाद १
म्हणजे परवानगीची यादी. तुमचं स्वतःचं डोमेनही तिथे अडलंच असतं, पैसे वाचले. ईमेलच्या नियमांत कुठल्या कंपनीचा पत्ता वैध असं काही नसतं, तेव्हा हा दोष फॉर्मचाच. लॅबला लेखी कळवा, या दोन्ही चाचण्या आणि स्क्रीनशॉटसह. काउंटरवर सांगून ते प्रोग्रामरपर्यंत पोचत नाही.

प्रतिसाद २
तोवर बाबांच्या नावाने नवं जीमेल काढा आणि त्यातून टूटाकडे फॉरवर्ड लावा. जागा वेगळी मिळेल. पण मेल गूगलकडून जाईल, हे लक्षात ठेवूनच करा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पुढची तपासणी दोन आठवड्यांवर आहे, म्हणून नाइलाजाने जीमेल काढलंय. लॅबला आज मेल केला, टूटावरूनच. कुणी अशी तक्रार करून फॉर्म दुरुस्त करून घेतला असेल, तर मेलमध्ये नेमकं काय लिहिलं होतं ते इथे सांगाल का?