एडवर्डकालीन लंडनमधील दूधभेसळीचे खटले : मदत हवी आहे

नमस्कार. सातवा एडवर्ड गादीवर असताना, म्हणजे 1901 ते 1910 या काळात, लंडनच्या बरोंमधील (शहराच्या स्थानिक प्रशासकीय विभागांमधील) आरोग्य अधिकारी अन्नभेसळीविरुद्ध प्रत्यक्ष कारवाई कशी करत, याचा मी अभ्यास करीत आहे.

1875 च्या अन्न व औषध विक्री कायद्यानुसार निरीक्षक विकत घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करी : एक विक्रेत्याला, एक सार्वजनिक विश्लेषकाला (अन्नाचे नमुने तपासणाऱ्या अधिकृत रसायनतज्ज्ञाला), आणि तिसरा वाद उद्भवल्यास सरकारी प्रयोगशाळेत पाठवता यावा म्हणून स्वतःजवळ. 1901 च्या दूधविषयक नियमांनी 3 टक्क्यांहून कमी स्निग्धांश किंवा 8.5 टक्क्यांहून कमी इतर घनपदार्थ असलेले दूध, उलट सिद्ध होईपर्यंत, अस्सल नाही असे मानण्याची मुभा दिली. पाणी मिसळलेल्या दुधावर लहान मुले वाढत होती, त्यामुळे हा नियम मला फार मोलाचा वाटतो. मात्र विक्रेत्याने दूध अस्सल असल्याची पुरवठादाराची लेखी हमी दाखवली, तर तो सुटू शकत असे, आणि माझे घोडे अडले आहे ते इथेच.

अशी हमी पुढे आल्यावर निरीक्षक रेल्वेने येणाऱ्या कॅनमधूनच नमुने घेऊन मूळ पुरवठादारापर्यंत पोहोचत असत का, आणि त्याच्यावरचा खटला कोणत्या न्यायालयात चालत असे? आरोग्य अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालांत दंडाच्या रकमा मिळतात, पण बचावाचा युक्तिवाद क्वचितच दिसतो. तो दंडाधिकाऱ्यांच्या नोंदवह्यांत शोधावा की स्थानिक वृत्तपत्रांत, हे ब्रिटिश अभिलेखागारांत काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे.