मदत हवी आहे: कणांचा डिफ्युजन गुणांक निम्माच येतो, शुक्रवारी व्हायवा

एमएस्सी_नागपूर
नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पाण्यातल्या कणांची ब्राउनियन हालचाल (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी डगमग) मोजून राहिलो आहे. मायक्रोस्कोपवर व्हिडिओ, मग ट्रॅकिंग, मग एमएसडीचा (सरकलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी) वेळेबरोबरचा आलेख. त्याचा उतार भागिले ४ म्हणजे डिफ्युजन गुणांक, कण किती झपाट्याने पसरतात त्याचं माप. २ मायक्रॉनच्या कणासाठी स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्राने ०.२४५ मायक्रॉन वर्ग प्रति सेकंद यायला पाहिजे. मला ०.१३ येते. पाच स्लाइड केल्या, पाचही वेळा ०.१२ ते ०.१४. गाइड म्हणतात कॅलिब्रेशन चुकलं, परत कर. कुठे चुकतंय ते कृपया लवकर सांगा.

महालवाला
२ मायक्रॉन ही त्रिज्या असणार. तसं धरलं तर सूत्राने ०.१२ येतं. झालं, तुझं उत्तर बरोबर आहे.

एमएस्सी_नागपूर
बाटलीवर व्यास लिहिला आहे. मी त्रिज्या १ घेऊनच काढलं.

धंतोलीकर
एमएसडी फक्त एक्स दिशेचा घेतलास का? आमच्या बॅचला तिघांनी हेच केलं होतं. एका दिशेचा असेल तर २ ने भागायचं. ४ ने भागलं की बरोबर निम्मं येणार.

एमएस्सी_नागपूर
नाही दादा, एक्स आणि वाय दोन्हींची बेरीज आहे.

काचपट्टी
चार गोष्टी सांग. कण कशाचे आहेत? थेंब किती मायक्रोलिटरचा? लॅबचं तापमान किती? कॅलिब्रेशन कशाने केलं?

एमएस्सी_नागपूर
कॅलिब्रेशन स्टेज मायक्रोमीटरने (बारीक खुणांची काचेची मोजपट्टी), दोनदा. तापमान २५ घेतलं. थेंब मोजला नाही, ड्रॉपरने टाकून कव्हरस्लिप ठेवली आणि कडा नेलपॉलिशने बंद केल्या. कण कशाचे याने काय फरक पडतो? सूत्रात पदार्थ आहेच कुठे? तापमान, चिकटपणा आणि त्रिज्या, बस.

महालवाला
२५ "घेतलं" म्हणजे काय? एप्रिलात नागपुरात कोणत्या लॅबमध्ये २५ असतं बाप्पा?

ऑरेंजसिटी_२३
विषय निघालाच आहे तर सांगतो, मास्कमध्येही हाच प्रकार असतो. मोठे कण तंतूवर सरळ आदळतात, अगदी बारीक कण डगमगत जाऊन तंतूला चिकटतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे मात्र दोन्हीतून निसटतात, म्हणून मास्क त्याच आकारावर तपासतात. घरात धुळीची ॲलर्जी असेल तर कूलरच्या गवतावर विसंबू नका.

धंतोलीकर
मास्कचा धागा वेगळा काढा हो. इथे पोराचा शुक्रवार आहे.
@एमएस्सी_नागपूर, नुसता थेंब दाबलास म्हणजे थर फार पातळ झाला. २२ बाय २२ च्या कव्हरस्लिपखाली ५ मायक्रोलिटर पसरलं तर जाडी जेमतेम १० मायक्रॉन. २ मायक्रोलिटर असेल तर ४. दोन्ही बाजूंनी काच इतकी जवळ आली की कण हलताना पाणी बाजूला सारायला जागाच राहत नाही. दुहेरी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून मधे १०० मायक्रॉनची जागा कर. आमचा प्रॉब्लेम त्यानेच सुटला होता.

सेवानिवृत्त_मास्तर
पोरांनो, फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँला विसरू नका. ब्राउनियन हालचालीचा आइन्स्टाइनचा सिद्धांत १९०५ चा. पेरँने १९०८ पासून गॅम्बोज नावाच्या डिंकाचे सारख्या आकाराचे गोळे करून पाण्यात सोडले आणि तळापासून कोणत्या उंचीवर किती कण आहेत ते एकेक मोजले. हवा जशी वर वर विरळ होत जाते तसेच कण विरळ होत जातात, फक्त किलोमीटरच्या जागी मायक्रॉन. त्यातून ॲव्होगॅड्रोचा आकडा, म्हणजे एका मोलमधल्या रेणूंची संख्या, काढला. १९२६ चं नोबेल त्याच कामाला. आमच्या वेळी हे शिकवताना फळा अपुरा पडायचा.

काचपट्टी
मास्तर, तुम्ही नेमकी जागा दाखवलीत. म्हणूनच मी कण कशाचे ते विचारत होतो. अजून उत्तर नाही.

एमएस्सी_नागपूर
सिलिका. आत्ता थर्मामीटर लावून पाहिला, कूलर चालू असताना ३४ आहे. पण मग सूत्राने ०.३०६ येते! फरक तर अजून वाढला. आता काय करू?

काचपट्टी
घाबरू नको, आता सगळं जुळतं.
सूत्रात पदार्थ नाही हे खरं, पण ते सूत्र चारही बाजूंनी अथांग पाणी आहे असं धरतं. सिलिकाची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट. पेरँसारखी उंची काढ, म्हणजे कण तळापासून साधारण किती वर राहतात ती: केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे उष्णतेची ऊर्जा) भागिले कणाचं पाण्यातलं वजन. २ मायक्रॉनच्या सिलिकासाठी ती येते साधारण ०.१ मायक्रॉन. म्हणजे तुझे कण पाण्यात तरंगत नाहीत, काचेला जवळजवळ घासत फिरतात. भिंतीजवळ कण किती मंदावतो ते सांगणारं फाक्सेनचं सूत्र लाव: त्रिज्या १, केंद्राची उंची १.१. पहिली दुरुस्ती ९/१६ गुणिले त्रिज्या भागिले उंची, पण इतक्या जवळ नुसती तेवढी पुरत नाही, पुढच्या घातांची पदंही घे. डिफ्युजन गुणांक मूळच्या ४२ टक्क्यांच्या आसपास उरतो. ०.३०६ चे ४२ टक्के किती?

एमएस्सी_नागपूर
०.१३!!!

धंतोलीकर
तेच तर मी म्हणत होतो, भिंत. टेप लाव.

काचपट्टी
टेपने छत उंच होतं दादा, जमीन जिथल्या तिथेच. हा कण सेकंदाला ३ मायक्रॉन खाली जातो. १०० मायक्रॉनची जागा केली तरी ३५ सेकंदांत तळाला. फोकस लावेपर्यंत बसलेला असेल.

धंतोलीकर
आमचं टेपने जमलं होतं, मी स्वतः केलेलं सांगतो आहे.

काचपट्टी
तुमचे कण कशाचे होते?

धंतोलीकर
पॉलिस्टायरीन (हलकं प्लास्टिक), १ मायक्रॉन.

काचपट्टी
मग जमणारच. त्याची घनता १.०५, उंची १६ मायक्रॉन येते. १०० मायक्रॉन खाली यायलाच पाऊण तास लागतो, मधल्या थरात आरामात मोजता येतं.
@एमएस्सी_नागपूर, माझ्या म्हणण्यावर विसंबू नको, पडताळून बघ. काचेला कायमचा चिकटलेला एखादा कण शोध आणि त्याच्यावर फोकस कर. हलणारे कणही त्याच फोकसमध्ये स्वच्छ दिसले तर ते तळाशीच आहेत.

सेवानिवृत्त_मास्तर
शाब्बास. आणि बेटा, व्हायवाला हे लपवू नको. ०.१३ ही चूक म्हणून मांडू नको, भिंतीजवळचं मोजमाप म्हणून मांड. आलेखावर दोन्ही रेषा काढ, मोकळ्या पाण्याची आणि भिंतीजवळची.

एमएस्सी_नागपूर
आत्ताच पाहिलं सर. चिकटलेले आणि हलणारे एकाच फोकसमध्ये आहेत. व्हिडिओ मी तीन आठवडे रोज पाहत होतो, कधी लक्षातच आलं नाही. गाइडना सांगितलं, ते म्हणाले तुलनेला एक हलका कण पण दाखव. नागपुरात कोणाकडे १ मायक्रॉनचं पॉलिस्टायरीन आहे का? मागवलं तर शुक्रवारच्या आत येत नाही.

धंतोलीकर
माझ्याकडे अर्धी बाटली आहे. उद्या सकाळी दहाच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. पाव मिली पुरेल, शिशी तू आण. नेताना थर्मासमध्ये गार पाणी चालेल, पण बर्फाला टेकवू नको. एकदा गोठलं की कण एकमेकांना चिकटतात, मग उपयोग नाही. टेपही देतो.

एमएस्सी_नागपूर
नऊला पोचतो दादा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.