मदत हवी आहे: थंडीत रिमोटने गाडी चालूच होईना

मंडळी जरा मदत करा. डिझेल गाडीला बाहेरून रिमोट स्टार्टर बसवून घेतलाय, मुळात उन्हाळ्यासाठीच, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, बसायच्या आधी एसी चालू पाहिजे. तेव्हा एकदाही नाटक नाही केलं. आता गड्ड्याच्या (सिद्धेश्वर जत्रेच्या) दिवसांत, जानेवारीत, पहाटे गारठा पडला की रिमोट दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात, इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर अर्धा सेकंद कण्हते आणि गप्प. तीनदा असंच करून नाद सोडतो. किल्लीने मात्र दुसऱ्या झटक्यात चालू, दुपारी रिमोटनेही बिनतक्रार.

रिमोटचा सेल बदलला, पण इंडिकेटर लागतात म्हणजे सिग्नल पोचतोयच ना, उगाच खर्च. बॅटरी ४ वर्षांची, सकाळी मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट, फुल चार्ज असली तर १२.६ पाहिजे. विजापूर रोडचा वायरमन म्हणतो बॅटरीच बदला, बसवणारा म्हणतो ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे) तापायच्या आधीच स्टार्टर फिरतोय, वेळ वाढवू. बॉनेट उघडं असलं तर रिमोट स्टार्ट अडवणाऱ्या स्विचवर पण संशय होता, पण तो गेला असता तर स्टार्टर फिरलाच नसता.

आधी काय करू, बॅटरी का ग्लो प्लगचं टायमिंग? आणि स्टार्ट मारताना व्होल्ट किती खाली गेलेलं चालतं?