उतारावरची न्यूट्रल, जादा वजन आणि चालकाचे तास : सहा गाड्यांच्या मालकाने नेमके काय बदलावे?

पिंपळगावचा गाडीमालक (प्रश्न) :

नमस्कार. नाशिक जिल्ह्यात आमच्या सहा मालवाहू गाड्या आहेत, चार सहाचाकी आणि दोन दहाचाकी. वडिलांनी एका गाडीवर सुरू केलेला हा व्यवसाय गेली नऊ वर्षे मी पाहतो. जाताना कांदा आणि येताना बंगळूरु किंवा हुबळीकडून कारखान्याचा माल, अशी आमची मुख्य फेरी असते. पगारावर आठ माणसे आहेत.

गेल्या तीन महिन्यांत दोन प्रसंग घडले आणि त्यांनी माझी झोप उडवली. पहिला असा, की एका सहाचाकी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजन १८,५०० किलो असताना ती तपासणीच्या काट्यावर २१,५०० किलो भरली. दंड २६,००० रुपये झाला, वरचा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत गाडी हलवू दिली नाही, आणि त्या उन्हात कांदा खराब झाला तो वेगळाच. त्या जादा तीन टनांचे मला मिळणारे भाडे साडेसात हजार रुपये होते. दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे. परतीच्या फेरीत कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरताना आमच्या एका गाडीच्या ब्रेकची हवा कमी झाली आणि चालकाने ती कशीबशी कडेच्या कठड्याला घासत थांबवली. कोणालाही इजा झाली नाही. हा चालक अनुभवी आहे, आणि मी तर सर्व चालकांना डिझेल वाचवल्यास दर फेरीला बक्षीसही देतो, त्यामुळे तो निष्काळजीपणा करील असे मला वाटले नव्हते.

आता ज्या कंपनीचा माल आम्ही परतीला आणतो, तिने सुरक्षा आणि कायदेपालनाची संपूर्ण फाइल मागितली आहे. एका सल्लागाराने ठरावीक रक्कम घेऊन अशी फाइल तयार करून देण्याची तयारी दाखवली आहे. मला फाइल हवीच आहे, पण त्याआधी आमच्या कामात खरोखर काय चुकते आहे ते समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त मोटार वाहन निरीक्षक :

आपण प्रश्न मोकळेपणाने मांडलात, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. आपल्याला झालेला दंड हिशेबाने बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. चालकाने वजन करून देण्यास नकार दिला किंवा काट्याआधीच गाडी पळवली, तर दंड ४०,००० रुपयांचा होतो. हे आपल्या चालकांना आजच सांगून ठेवा. या कलमातील शब्दरचना गाडी चालवणाऱ्यापुरती मर्यादित नाही. जो जादा वजनाची गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. म्हणून ‘व्यापाऱ्याने भरले, मला ठाऊक नव्हते’ हा बचाव मालकाच्या उपयोगी पडत नाही.

अनेक मालकांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने धुरांवरील वजनाच्या मर्यादा वाढवल्या आणि दोन धुरांच्या सहाचाकी गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. त्यानंतर ‘आता अडीच टन जास्त चालते’ असे सरसकट बोलले जाऊ लागले. प्रत्यक्षात आपल्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर जो आकडा आहे तोच आपल्याला लागू आहे, शेजारच्या नव्या गाडीचा नाही. आपल्या सहाही गाड्यांची प्रमाणपत्रे समोर ठेवा, प्रत्येक गाडीचे रिकामे वजन काट्यावर करून घ्या, आणि त्या दोन आकड्यांतील फरक, म्हणजे त्या गाडीत किती माल भरता येतो, तो केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून लावा. भरणीच्या जागेवर चालकाला वाद घालायला हा एक आकडा पुरेसा असतो.

पासिंगबद्दलही, म्हणजे गाडीच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीबद्दलही, थोडे लिहितो, कारण मी नोकरीतील बराच काळ त्याच मैदानावर काढला आहे. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मी अशा असंख्य गाड्या पाहिल्या, ज्यांचे टायर त्या एका दिवसापुरते उसने आणलेले असत, परावर्तक पट्टी आदल्या रात्री चिकटवलेली असे आणि वेगनियंत्रकाची वायर मैदानाबाहेर पडताच काढली जाई. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी पट्टी सांगितली आहे ती तपासणाऱ्यासाठी सांगितलेली नाही. रात्री कडेला बंद पडलेल्या ट्रकवर मागून आदळणाऱ्या मोटारीच्या चालकाला जे शेवटचे काही क्षण मिळतात, ते त्या पट्टीमुळे मिळतात. मागचा संरक्षक दांडा वाकलेला असेल, तर ती मोटार थेट ट्रकच्या तळाखाली घुसते आणि बंपर, एअरबॅग यांचा काहीही उपयोग होत नाही. गाडीत धोक्याचा त्रिकोण ठेवणेही बंधनकारक आहे. माझ्या पाहण्यात दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवणारेच अधिक आले, आणि गाडी निघून गेल्यावर ते दगड रस्त्यावरच राहत.

उताराच्या प्रसंगाबद्दल मात्र मी काही म्हणण्याआधी एखाद्या चालकाने लिहावे अशी माझी इच्छा आहे.

बावीस वर्षे स्टिअरिंगवर :

मालक, मी स्वतः चालक आहे आणि तो उतार मला पाठ आहे, म्हणून निरीक्षक साहेबांच्या विनंतीला मान देऊन लिहितो. राग मानू नका, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रश्नात आहे. आपण डिझेल वाचवल्याचे बक्षीस देता. बोगद्यापासून पुलापर्यंत कित्येक किलोमीटरचा उतार आहे, तिथे गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की आपोआप पळते, आणि काही जण तर इंजिनही बंद करतात. आपल्या चालकाने काय केले ते मला माहीत नाही, त्याला शांतपणे विचारा; पण मी त्याच्या जागी असतो आणि माझ्या घरखर्चाचा काही भाग त्या बक्षिसावर अवलंबून असता, तर माझाही हात गिअरच्या दांड्याकडे गेला असता. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हाही उतारावर न्यूट्रल आणि बंद इंजिन हेच कारण पुढे आले होते.

हे असे का होते ते नव्या मुलांना कोणी समजावून सांगत नाही. आपल्या ब्रेकला लागणारी हवा कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना ब्रेक दाबत राहिलात, तर टाकीतील हवा संपत जाते आणि नवी भरत नाही. स्टिअरिंगही जड होते. इंजिन चालू ठेवून नुसते न्यूट्रल केले, तरी गाडीला इंजिनची ओढ राहत नाही, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारी सोय, निरुपयोगी होतो आणि सगळा भार चाकातील ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्यांवर, येतो. लायनर आणि ड्रम तापले की पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. त्यात तीन टन जादा असतील तर विचारायलाच नको. आमचे उस्ताद सांगत, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, आणि उतार सुरू होण्याआधी गिअर टाक, मध्ये नाही. आणखी एक गोष्ट मला कार्यशाळेतील मिस्त्रीने दाखवली. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांमध्ये गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनला डिझेल जाणेच बंद होते, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल लागतच राहते. म्हणजे नव्या गाडीत ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचत होतच नाही.

आता वेळेबद्दल. नाशिक ते बंगळूरु सुमारे १,०५० किलोमीटर आहे. भरलेली गाडी घाट, टोल आणि शहरांची गर्दी धरून ताशी ४० च्या सरासरीने गेली, तरी २६ तास निव्वळ स्टिअरिंगवर जातात. आपण व्यापाऱ्याला किती तासांचा शब्द देता, ते आपण लिहिलेले नाही. माझे आजवरचे बहुतेक मालक ३६ तासांचा देत आणि गाडीवर चालक एकच असे. राहिलेल्या दहा तासांत जेवण, आंघोळ, टायरची हवा, ताडपत्री आणि झोप हे सगळे बसवायचे असते. डिझेल आणि माल चोरीला जाईल म्हणून झोपही केबिनमध्येच घ्यायची, आणि उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये दुपारी डोळा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे, पण आपल्यासारख्यांकडच्या चालू गाड्या अजून बरीच वर्षे जुन्याच राहतील. पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

अपघात दाव्यांचे काम करणारा वकील :

चालक बंधूंनी तासांचा विषय काढला, त्याची कायदेशीर बाजू मी मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने चालकाच्या कामाच्या तासांना १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याची मर्यादा जोडून दिली. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठीच्या त्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्याची एक सुट्टी ठरवली. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ही मर्यादा वाढवता येई, पण तीही दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंतच. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला आणि आठ तासांचे तत्त्व तिथेही कायम आहे. आपल्याकडे आठ माणसे आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला टाळता येणार नाही. एका चालकावर ३६ तासांत बंगळूरु गाठण्याचा शब्द आपण देत असाल, तर तो शब्दच नियमभंगाचा आहे, आणि अपघातानंतर बिल्टीवरील (माल पाठवल्याच्या पावतीवरील) वेळ, टोलच्या फास्टॅग नोंदी आणि मोबाइलवरील संदेश एकत्र ठेवले की ते सिद्ध करायला फार कष्ट पडत नाहीत.

परतीच्या मालाबाबत ‘ई-वे बिलाची (जीएसटीखालील माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपेल’ असे सांगून चालकाला पळवले जाते, असे मी अनेक दाव्यांत ऐकले आहे. सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. १,०५० किलोमीटरला ती सहा दिवसांची होते आणि अडचण आल्यास वाढवूनही घेता येते. तेव्हा ही घाई कायद्याने लादलेली नाही.

विम्याबद्दलही मालकांचा मोठा गैरसमज असतो. पॉलिसी चालू आहे म्हणजे आपण सुरक्षित, असे ते धरून चालतात. चालकाकडे योग्य परवाना नसेल आणि त्यात मालकाचा दोष सिद्ध झाला, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला मृताच्या कुटुंबाला भरपाई द्यायला सांगते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणातील निकालाने पक्के झाले. अशा वसुलीत सहा गाड्यांचा मालक गाड्याच नव्हे, घरही गमावू शकतो. म्हणून चालक ठेवताना त्याचा परवाना सरकारच्या ‘सारथी’ या ऑनलाइन परवाना प्रणालीवर स्वतः तपासा, त्याची तारखेसह प्रत ठेवा आणि वाहतूक परवान्याची पाच वर्षांची मुदत कधी संपते ते नोंदवून ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यास मान्यता दिली आहे, पण आपल्या एकाही गाडीला ती लागू पडत नाही. पॉलिसीत चालक आणि क्लीनर या दोघांसाठीचा हप्ता भरला आहे की नाही, तेही पाहा; क्लीनर बहुधा विसरला जातो.

सल्लागाराकडून तयार फाइल घेऊ नका, असा माझा आग्रह आहे. ज्या फाइलमध्ये आठ तासांच्या नोंदी आहेत आणि त्याच दिवसाच्या फास्टॅग नोंदी अठरा तास दाखवतात, ती फाइल न्यायालयात आपल्याच विरुद्ध पुरावा ठरेल.

पिंपळगावचा गाडीमालक :

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्या चालकाला घरी बोलावले आणि कोणताही आरोप न करता विचारले. त्याने गाडी बोगद्याच्या तोंडापासून न्यूट्रलमध्ये होती हे मान्य केले. शेवटच्या तीन फेऱ्यांत त्याला मिळालेल्या बक्षिसाचा हिशेबही त्याने मला दाखवला, आणि तो हिशेब माझ्याच हस्ताक्षरातला होता. मी त्याची माफी मागितली.

डिझेलचे बक्षीस बंद केले असून तेवढी रक्कम पगारात मिळवली आहे, म्हणजे कोणाचेही उत्पन्न कमी होणार नाही. बंगळूरुच्या फेरीसाठी व्यापाऱ्यांना ३६ तासांचा शब्द मीही देत होतो. एका व्यापाऱ्याने तीन दिवस मान्य केले, दुसऱ्याने नकार दिला. घाईचा माल असेल तर गाडीवर दोन चालक द्यावे, असा विचार आहे, पण भाड्यात ते परवडेल का, याचा अनुभव कोणाला असल्यास सांगावे.

साताऱ्याचा वाहतूकदार :

आम्ही चार वर्षांपासून लांबच्या फेरीला दोन परवानाधारक चालक देतो. एकाने चालवताना दुसऱ्याने झोपायचे, आणि दर चार तासांनी अदलाबदल. दोघांचे आठ-आठ तास धरले, तर दिवसाला सोळा तास गाडी नियमात राहून चालते आणि आपली २६ तासांची फेरी दुसऱ्या दिवशी पोहोचते. मात्र धावत्या केबिनमधील झोप पुरी पडत नाही, म्हणून पोहोचल्यावर दोघांनाही एक पूर्ण रात्र थांबवल्याशिवाय परतीचा माल भरू नका. जादा पगाराचा बोजा सुरुवातीला जाणवला, पण आमच्याकडे क्लीनरचे काम दुसरा चालकच करतो, गाडीच्या फेऱ्या महिन्याला वाढल्या आणि टायर व लायनरचा खर्च उतरला. ज्या व्यापाऱ्याने नकार दिला त्याला दोन चालकांचा दर लेखी कळवा. तो दर त्याला मान्य नसेल, तर तो माल सोडून द्या. आम्ही असे दोन व्यापारी सोडले आणि त्यातला एक कांद्याच्या पुढच्या हंगामात परत आला.