प्यायला होता म्हणून भरपाई नाही?

‘प्यायला तो, पडला तो, मग भरपाई कसली मागता?’ हा मुद्दा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत मला पटतो. पण कामावरच्या अपघाताला तो सरसकट लावू नका. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ३ प्रमाणे दारूच्या अमलामुळेच इजा झाली तर मालक सुटायचा. मात्र माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर सुटत नसे.

आमच्या शेजारचा गवंडी परांचीवरून पडून गेला. तेराव्याच्या आधीच ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन दारात: ‘नशेत पडला, आमची काही मागणी नाही.’ त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, अंगठा शाईत बुडालाही होता. आईने कागद ओढून घेतला आणि पुढे वहिनींनी दावा केला. असा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार तो करार रद्दच ठरायचा, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.