धुरकट लव्हेंडर वापरलाय पण स्क्रीनवर राखाडीच दिसतोय, काय करू?

रेषाळ: नमस्कार मंडळी, डायरी लिहायच्या एका अ‍ॅपचं डिझाइन करतेय. क्लायंटला शांत वाटणारा रंग हवाय म्हणून जरा धुरकट लव्हेंडर घेतलाय, आरजीबी (स्क्रीनवरचे लाल, हिरवा, निळा ह्यांचे आकडे) १५४, १४३, १८१. नुसता स्वॉच (रंगाचा सुटा नमुना) बघितला की छान दिसतो पण सगळं स्क्रीनवर मांडलं की मेल्यासारखा राखाडी वाटतो, आणि त्या रंगात लिहिलेलं पांढऱ्यावर नीट वाचता पण येत नाहीये. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं तर लगेच लहान मुलांचं अ‍ॅप वाटायला लागतं. पुढे ह्याचंच छापील कार्डही करायचंय. रंग बदलू का बाकीचं काही बदलू?

दोनओळी: रंग अजिबात बदलू नकोस, चांगला निवडलायस. फक्त त्यात अक्षरं लिहू नको. पांढऱ्यावर ह्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातलं गुणोत्तर) साधारण ३ भरतो आणि डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांच्या, एए लेव्हलला साध्या टेक्स्टसाठी किमान ४.५ लागतो. उलट केलंस, म्हणजे लव्हेंडर बटणावर पांढरी अक्षरं, तरी आकडा तोच राहतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्याच कुळातला गडद वांगी घे, ४६, ३८, ६४ सारखा. पांढऱ्यावर तो १४ च्या आसपास जातो आणि तुझ्या लव्हेंडरवर पण ४.७ च्या जवळ, म्हणजे दोन्हीकडे चालतो. लव्हेंडरला मोठी जागा दे, हेडर, कार्डाची पार्श्वभूमी, रिकाम्या स्क्रीनवरचं चित्र वगैरे.

सावलीतला: बाकीचे ग्रे कुठले वापरलेत ते बघ आधी. बऱ्याच यूआय किटमध्ये (बटणं, आयकॉन वगैरेंचे तयार संच) तयार मिळणारे ग्रे निळसर असतात आणि निळसर ग्रे शेजारी बसला की असा धुरकट जांभळा त्यातच विरघळून जातो, वेगळा रंग म्हणून डोळ्याला दिसतच नाही. बॅकग्राउंड किंचित पिवळसर पांढरा कर, बॉर्डर आणि आयकॉनचे ग्रे पण उबदार कर. पिवळा हा जांभळ्याचा विरुद्ध रंग, त्यामुळे रंगाच्या आकड्यांना हात न लावता तोच लव्हेंडर जास्त जांभळा दिसेल. भडक जांभळा मात्र कुठेही ठेवू नको, साधा बॅज असला तरी, त्याच्यापुढे हा लगेच मळका दिसतो. अ‍ॅक्सेंट, म्हणजे लक्ष वेधायला थोडासाच वापरायचा रंग, हवाच असेल तर थोडासा मोहरी पिवळा.

आणि एक, डायरी लोक बहुतेक रात्री लिहितात. फोनचा नाइट मोड स्क्रीनमधला निळा कमी करतो आणि लव्हेंडर बराचसा निळ्यावरच उभा असतो, त्यामुळे तो तिथे करडा होतो. तो मोड चालू करून नक्की बघ, अशा वेळी निवडलेलं आणि न निवडलेलं ह्यातला फरक फक्त रंगावर सोडलेला असेल तर तो कळणारच नाही.

दोनओळी: मोहरीबद्दल माझं मत वेगळं आहे. शांत अ‍ॅपमध्ये तो ओरडतो, नजर सारखी तिकडेच जाते. गडद वांगीच अ‍ॅक्सेंटचं काम नीट करेल.

रेषाळ: ग्रे खरंच निळसरच होते!! उबदार केले आणि लव्हेंडर एकदम वर आला, त्याचे आकडे तेच आहेत. मोहरी तूर्तास नको, वांगीवर थांबते. आता कार्डाचं सांगा कुणीतरी.

शाईपाणी: छपाईत जांभळे सहज निळ्याकडे घसरतात, कारण सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) ह्या शाया सारख्या पडल्या की डोळ्याला निळाच दिसतो. आपोआप झालेल्या सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा ह्या छपाईच्या चार शाया) कन्व्हर्जनवर विसंबू नकोस, आकडे उघडून बघ आणि मॅजेंटा सायनपेक्षा थोडा वर ठेव. धुरकटपणा आणायला काळी शाई घालू नको, एवढ्या फिकट रंगात छपाईचे काळे ठिपके सुटे दिसतात, त्याऐवजी थोडा पिवळा घाल. कोटिंग नसलेला कागद शाई पितो, ठिपके पसरून रंग गडद होतो, आणि कागदच पिवळसर असेल तर लव्हेंडर अजून मरतो. बजेट असेल तर स्पॉट रंगात, म्हणजे आधीच कालवलेल्या एकाच शाईत, छाप. नसेल तर त्याच कागदावर प्रूफ (छपाईचा नमुना) मागव आणि ते दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या दिव्याखाली, दोन्हीकडे बघून मगच ओके दे.